कोर्लईसारख्या खाडीकाठच्या गावाचा इतिहास कसा गोळा करायचा

अलिबागहून मुरुडला जाताना रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला कुंडलिकेच्या मुखावर डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी कोर्लई. बहुतेक जण गाडी लावतात, किल्ला चढतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्हाला गावाचा इतिहास हवा असेल तर तसं करू नका, किल्ला सगळ्यात शेवटी ठेवा. कारण किल्ला सांगतो कोण आलं आणि कोण गेलं, आणि राहिलं कोण ते फक्त वाडीत कळतं.

पहिले तारखांचा सांगाडा वहीत लिहून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. पोर्तुगीज या बाजूला पहिल्यांदा आले 1505 ला, 1508 मध्ये रेवदंड्याला लागून असलेल्या चौलच्या बंदरात ते मोठी लढाई हरले, तरी नंतर त्यांनी रेवदंड्याला वखार टाकली आणि तटबंदीचं शहर उभं केलं. समोरचा कोर्लईचा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता, तो त्यांनी 1594 ला जिंकला. मग 1739 ला वसई पडली आणि 1740 च्या तहात चौल, रेवदंडा, कोर्लई सगळं मराठ्यांकडे आलं.

आता हिशोब करा. कोर्लईवर पोर्तुगीज सत्ता होती 146 वर्षं, आणि ती संपून झाली 280 च्या वर. म्हणजे गावाच्या इतिहासाचा मोठा भाग सत्ता गेल्यानंतरचा आहे आणि त्याच्यावरच कोणी नीट लिहीत नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं. अधिकारी, व्यापारी, पैसेवाले निघून गेले. पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बायका यांच्या घरातली, धर्म बदललेली साधी माणसं इथेच राहिली, त्यांनी शेती केली, मासळी केली आणि भाषा सोडली नाही. ती भाषा आजही साधारण हजारेक माणसं घरात बोलतात, तिला ती 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

म्हणून दुसरं काम, कान उघडे ठेवून बसा. नॉ लिंगमधले शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत पण वाक्याची बांधणी बघा, पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं आणि इथे ते मराठीसारखं शेवटी गेलंय. शेजाऱ्यांबरोबर बाजारात, शेतावर, होडीवर इतकी वर्षं राहिल्याशिवाय असं होत नाही, हा कागदाइतकाच पक्का पुरावा आहे. आणि देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालंय हे विसरू नका, चावी, पगार, फीत, इस्त्री, बटाटा, पाव हे आपण रोज बोलतो ते शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना "तुम्ही पोर्तुगीज का हो?" असं अजिबात विचारू नका. ती इथलीच माणसं आहेत, असल्या प्रश्नाने समोरचा मिटतो. विचारायचं ते असं की पाणी कुठनं आणायचात, खाडी कशातून ओलांडायचात पूल नव्हता तेव्हा, मुली कुठल्या गावात दिल्या, शाळेत मराठी पहिल्यांदा कधी कानावर पडलं, सणाला घरात काय शिजायचं. सोयरीक कुठे कुठे झाली हे कळलं की गावाचा अर्धा इतिहास हातात येतो. रेकॉर्डिंग करताना परवानगी घ्या आणि पडवीत बसू नका, आत बसा. मी एका आजींचं दीड तास रेकॉर्डिंग पडवीत केलं आणि घरी येऊन ऐकलं तर नुसता समुद्राचा वारा, परत गेलो तोवर आजी नव्हत्या. हे मला आजही सलतं म्हणून सांगतोय, नंतर करू म्हणून ठेवू नका.

कागदांकडे वळाल तेव्हा नावांची गंमत लक्षात ठेवा, नाहीतर दिवस फुकट जाईल. रायगड जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं, त्यामुळे जुन्या यादीत रायगड शोधून काही मिळणार नाही. आणि पोर्तुगीज कागदात किल्ल्याचा डोंगर 'मोरो द चौल' म्हणून येतो, त्यामुळे नुसतं कोर्लई शोधून थांबू नका. सुरुवात 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीच्या पुस्तकाने करा, ते ऑनलाइन फुकट वाचता येतं, पण ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेचं आहे हे धरूनच वाचा. पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखात, 1740 नंतरचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात बघायचे, मोडी येत नसेल तर शिकलेल्या माणसाला सोबत न्या. जमिनीसाठी तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या बघायच्या असतील तर आधी फादरना भेटून रीतसर विचारा, त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी असतात, परवानगीशिवाय पानांचे फोटो काढायचे नाहीत.

मग किल्ला चढा. आता वरून खाली बघितलंत तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पलीकडे रेवदंड्याचा तट, हा डोंगर ज्याच्या हातात त्याच्याच हातात कुंडलिकेचं तोंड, एवढी मारामारी कशासाठी झाली ते न सांगता कळतं.

लिहून झालं की पहिली प्रत गावात द्या, ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवा आणि ते चूक म्हणतील ते त्यांच्यासमोरच दुरुस्त करा, रेकॉर्डिंगही पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या घरच्यांना द्या.