जुन्या अमेरिकन पिकअपचा इतिहास शोधताय? मग या चुका टाळा

जुन्या पिकअपचा इतिहास काढायला बसलं की सगळ्यात आधी गडबड होते ती वर्षात, आणि वर्ष चुकलं की पुढचं सगळंच चुकतं, म्हणून मी त्याच्यावरच जास्त बोलणार आहे.

अमेरिकेत गाडीचं टायटल असतं, म्हणजे आपल्या आरसी बुकासारखा कागद. त्यावरचं वर्ष बरेच जण डोळे झाकून धरतात. पण जुन्या काळी ट्रक डीलरकडे पडून राहायचे आणि जेव्हा विकले गेले ते वर्ष कागदावर चढायचं, त्यामुळे 1951 चा ट्रक कागदावर 1952 चा असू शकतो. 1955 च्या शेवरलेची तर गंमतच आहे. त्या एका वर्षात दोन वेगळे ट्रक आले. आधीची फर्स्ट सिरीज म्हणजे 1947 पासून चालत आलेली गोल गुबगुबीत अ‍ॅडव्हान्स डिझाइन, 6 व्होल्टची, आणि मार्चमध्ये आलेली सेकंड सिरीज म्हणजे नवीन टास्क फोर्स, गुंडाळल्यासारखी पुढची काच, 12 व्होल्ट आणि हवं तर व्ही-8 इंजिन. माझ्या ओळखीच्या एका काकांनी फक्त "1955" सांगून काचेचं रबर मागवलं, आलं दुसऱ्याच सिरीजचं, परत पाठवण्यात दोन महिने गेले. नुसतं वर्ष विचारू नका, सिरीज विचारा.

मग वर्ष ओळखायचं कसं? बारीक बदल बघा. अ‍ॅडव्हान्स डिझाइनमध्ये दरवाज्याला छोटी तिरकी व्हेंट काच 1951 पासून आली, दाबायचं बटण असलेलं हँडल 1952 पासून, आणि 1954 ला पुढची काच अखंड झाली, ग्रिलही बदललं. 1967 ते 72 च्या सी-10 मध्ये (ही शेवरलेचीच पिकअप) 1967 ला बाजूचे मार्कर दिवे नाहीत, 1968 पासून आहेत, कारण तसा केंद्राचा नियम आला. पण ग्रिल आणि दरवाजे चार बोल्ट काढून कोणीही बदलतं, म्हणून एका खुणेवर भरवसा नको, निदान तीन खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवतायत का ते बघा. आणि क्रोम नाही म्हणून "कोणीतरी रंगवून टाकलंय" असं लगेच म्हणू नका, कोरियन युद्धाच्या काळात निकेल-क्रोमची टंचाई होती, तेव्हा बरेच भाग कारखान्यातूनच रंगवून यायचे. तसंच कोणी 1943 ची साधी, सिव्हिलियन पिकअप म्हणून दाखवली तर थांबा, 1942 च्या सुरुवातीलाच ते उत्पादन बंद करून कारखाने युद्धाच्या कामाला लावले होते.

इंजिनावरून वर्ष काढणं ही दुसरी मोठी चूक. शेतावरचा ट्रक आहे हो तो, इंजिन बसलं की दुसरं टाकायचं, शेवरलेचं 216 क्युबिक इंचाचं इंजिन काढून मोठं 235 चं बसवणं तर सर्रास चालायचं. शेवरलेच्या इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा बहुतेक एकच आकडा. आता 4 म्हणजे 1944 की 1954? ते कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉकवर ओतलेला भागाचा नंबर, सोबत जुळवल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं तरी ती तारीख त्या ब्लॉकची, ट्रकची नाही.

गाडीचा नंबर (व्हीआयएन, म्हणजे आपल्या चेसिस नंबरसारखा) त्याचा अर्थ सांगणाऱ्या ऑनलाइन डिकोडरमध्ये टाकला आणि "इनव्हॅलिड" आलं म्हणून घाबरू नका. 17 अक्षरं-आकड्यांचा व्हीआयएन 1981 पासूनचा, त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. 1970 च्या दशकातल्या फोर्डच्या नंबरात सुरुवातीला एफ10 म्हणजे टू व्हील ड्राइव्हची एफ-100, एफ11 म्हणजे तीच फोर व्हील ड्राइव्ह. आणि प्लीज, जुन्या प्रत्येक फोर्डला एफ-150 म्हणू नका! 1948 ला एफ-1 आली, 1953 ला तिची एफ-100 झाली, एफ-150 आली 1975 ला, ती पण कारणासाठी, गाडी आणि माल मिळून 6000 पौंडांच्या वर वजनक्षमता दाखवली की तेव्हाचे धुराचे कडक नियम चुकवता येत होते. एफ-100 तिच्यासोबत 1983 पर्यंत चालू होती.

"पहिली पिकअप" हा दावा जपून लिहा. फोर्डने 1925 ला मॉडेल टी वर कारखान्यातच बॉडी बसवून 281 डॉलरला विकली हे खरं, पण त्याआधी 1918 मध्ये शेवरले नुसती चेसिस विकत होतीच आणि लोक सुताराकडून मागचा हौदा बनवून घेत होते. पहिली कशाला म्हणायचं ते आधी सांगा, मग वाद राहत नाही.

कागद कुठे शोधायचे? जीएम म्हणजे जनरल मोटर्स, शेवरलेची मूळ कंपनी; जीएम हेरिटेजच्या साइटवर वर्षावार माहितीचे पीडीएफ फुकट मिळतात, फोर्डचा हेरिटेज व्हॉल्ट, म्हणजे जुन्या कागदांचा ऑनलाइन संग्रह, 2022 पासून खुला आहे, इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं मोठं दप्तर विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. फक्त लक्षात घ्या, ब्रोशर मॉडेलबद्दल सांगतं, तुमच्या ट्रकबद्दल नाही. 1967 नंतरच्या जीएम ट्रकमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्या गाडीला कारखान्यात काय काय बसवलं त्या ऑप्शनचं स्टिकर असतं, ते वाचता येत असेल तर लॉटरीच लागली समजा. ब्रोशरमधली चित्रं मात्र पुरावा मानू नका, त्यात गाडी ओढूनताणून लांब-रुंद काढलेली असते.

आपल्याकडचे लोक अजून एक गल्लत करतात. जीएमने मुंबईत शिवडीला 1928 पासून गाड्या आणि ट्रक जोडायला घेतले होते, नंतर कुर्ल्याच्या प्रीमियरने क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या करारावर तिचे डॉज, फार्गो ट्रक जोडले. त्यामुळे इथला जुना ट्रक उजव्या स्टिअरिंगचा दिसला की तो "नंतर बदललाय" असं धरू नका, आणि त्याचा नंबर अमेरिकन यादीत सापडेलच अशीही अपेक्षा नको.

आणि सगळ्यात जीव तुटतो तो यासाठी, रंग काढायची घाई करू नका! या ट्रकच्या दरवाज्यांवर मालकाचं नाव रंगवलेलं असायचं, शेताचं, दुकानाचं, पिठाच्या गिरणीचं, आणि ते वरच्या रंगाखाली अजून असतं. बारीक पॉलिश पेपर, भरपूर पाणी, हलका हात, आणि प्रत्येक थराचा फोटो. नाव मिळालं की त्या गावच्या जुन्या सिटी डिरेक्टरीत (रहिवासी आणि दुकानांच्या नावांची छापील यादी) बघा, लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1963 पर्यंतची वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट ठेवलीत तिथे टाकून बघा. कधी कधी दरवाज्यावर तीनच आकड्यांचा फोन नंबर निघतो, आणि त्या वेळच्या जाहिरातीत तोच नंबर सापडला की ट्रकचा मालक कोण होता ते पक्कं होतं.