सामायिक ग्रंथालय प्रणाली घेण्याआधी वाचनालयांनी काय ठरवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील चार-पाच वाचनालयांनी मिळून एकच संगणकप्रणाली घ्यायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत विक्रेत्याचे दरपत्रक पुढे येते. ते बाजूला ठेवावे आणि प्रत्येकाची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, मागवून तिची पाने शेजारी शेजारी उघडावीत. एका वहीत ‘कुसुमाग्रज’, दुसरीत ‘शिरवाडकर वि. वा.’ आणि तिसरीत ‘वि. वा. शिरवाडकर’ असेल, तर सामायिक सूचीत एकाच लेखकाची तीन नावे होतील आणि वाचकाला त्याची निम्मीअधिक पुस्तके सापडणारच नाहीत. म्हणून नाव कसे लिहायचे, टोपणनावाची जोड मूळ नावाशी कशी द्यायची, याचा दोन पानांचा नियम आधी लिहून सर्वांनी मान्य करावा.

लिपीचे दुखणे अधिक चिवट आहे. जुन्या याद्या युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या असतील, तर त्यांचे रूपांतर करून प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. युनिकोडमध्येही ‘दऱ्या’ या शब्दातले जोडाक्षर दोन प्रकारे साठवले जाऊ शकते; पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, शोध घेताना मात्र एक सापडते आणि दुसरे हरवते. प्रणाली दाखवायला येणाऱ्या माणसाला हाच शब्द दोन्ही प्रकारे शोधायला सांगावा. आपल्या भागात कन्नड पुस्तकेही कपाटात असतातच; त्यांचे शीर्षक कन्नड लिपीत ठेवून देवनागरी रूप जोडनोंदीत द्यावे. मार्क २१ या, पुस्तकांच्या नोंदी संगणकात ठेवण्याच्या प्रमाणित पद्धतीत त्यासाठी ८८० क्रमांकाचा रकाना आहे.

प्रणालीची निवड त्यानंतर करावी. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली कोहा ही मुक्त, म्हणजे कोणालाही परवाना शुल्क न देता वापरता आणि बदलता येणारी, प्रणाली आहे. तिच्यात प्रत्येक वाचनालयाला शाखा मानून देवघेवीचे नियम, मुदत आणि दंड वेगळे ठेवता येतात. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही पाहावी, मात्र आपली संस्था तिच्यासाठी पात्र ठरते का, हे लेखी विचारून घ्यावे. ‘फुकट’ या शब्दाला भुलू नये, कारण सर्व्हर, बारकोडच्या पट्ट्या आणि नोंदी भरणाऱ्याचे मानधन यांचा खर्च राहतोच. हा खर्च सम प्रमाणात वाटला तर छोट्या गावचे वाचनालय वर्षभरात बाहेर पडते. तो सभासदसंख्येवर वाटणे माझ्या मते न्याय्य आहे.

सुरुवातीला प्रत्येकाने दोनशेच पुस्तके भरावीत आणि महिनाभर जुनी देवघेव वहीही चालू ठेवावी, कारण वीज गेली तरी वाचक दारात येतोच. करारात एक कलम न विसरता घालावे: एखादे वाचनालय बाहेर पडल्यास त्याच्या सर्व नोंदी मार्क २१ स्वरूपात आणि सभासदांची यादी साध्या तक्त्यात, शुल्क न घेता, तीस दिवसांत परत मिळाव्यात.