जुने प्रतिमा-संपादन सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवताना

ॲडोबी कंपनीच्या फोटोशॉपची सीएस६ ही २०१२ साली आलेली आवृत्ती एकदाच पैसे मोजून कायमची घेता येणारी शेवटची आवृत्ती ठरली. ज्यांनी ती विकत घेतली, वर्षानुवर्षे तिच्यावर हात बसवला, स्वतःचे ब्रश आणि ॲक्शन (एका क्लिकवर पुन्हा चालणाऱ्या कृतींची नोंद) तयार केले, त्यांनी केवळ संगणक बदलला म्हणून हे सारे टाकून द्यावे, असे मला वाटत नाही. त्याहून जुन्या फोटोशॉप ७ किंवा सीएस२ बद्दल आणि इतर कंपन्यांच्या त्या काळातील प्रोग्रामबद्दलही हेच म्हणता येईल. मात्र सगळे जुने प्रोग्राम एकाच कारणाने अडत नाहीत. कुठे इन्स्टॉलर चालत नाही, कुठे प्रोग्राम सुरू होऊन लगेच बंद पडतो, कुठे सगळे चालते पण बटणे डोळ्यांना दिसत नाहीत. नेमके कशात अडले आहे हे न पाहता दिसेल तो पर्याय निवडत गेले, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, प्रोग्राम सुरू करून पाहावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

आधी बिट पाहावेत

बिट म्हणजे प्रोग्राम एका वेळी किती मोठे आकडे हाताळतो याचे माप; सर्वांत जुने प्रोग्राम १६-बिट, नंतरचे ३२-बिट आणि आताचे ६४-बिट. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात मिळते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालतात, १६-बिट प्रोग्राम मात्र अजिबात चालत नाहीत. ते चालवणारा भागच तिच्यात ठेवलेला नाही. त्यामुळे विंडोज ३.१ च्या काळातला प्रोग्राम उघडू पाहिल्यास ‘हे ॲप या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि तेथे कोणतीही सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

यातला खरा चकवा वेगळा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही प्रोग्राम स्वतः ३२-बिट असतात, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असतो. प्रोग्राम चालण्याजोगा असूनही तो आत बसवताच येत नाही आणि वापरणारा समजतो की सॉफ्टवेअरच निकामी झाले. काही प्रचलित जुने इन्स्टॉलर ओळखून विंडोज त्यांच्या जागी आपोआप ३२-बिट पर्याय वापरते; जेथे तसे होत नाही, तेथे वाइनव्हीडीएम हे मुक्त स्रोत साधन कामी येते. तेही जमले नाही, तर आभासी संगणकातील (सॉफ्टवेअरने संगणकाच्या आतच उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकातील) जुन्या विंडोजमध्ये प्रोग्राम बसवावा आणि त्याचे संपूर्ण फोल्डर नव्या विंडोजवर आणून चालवून पाहावे. रजिस्ट्रीवर (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीवर) फारसे अवलंबून नसलेले प्रोग्राम अशा रीतीने चालू शकतात.

ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला एखादे उपकरण चालवता यावे म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट निराळी. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर स्वीकारतच नाही. एखाद्या प्रोग्रामला संगणकाला जोडण्याचे डाँगल (परवान्याची खातरजमा करणारे छोटे उपकरण) लागत असेल, तर त्या डाँगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो की नाही हे सर्वांत आधी पाहावे. तो नसेल, तर पुढची खटपट व्यर्थ आहे.

बसवताना

सीडीवरून थेट इन्स्टॉल न करता तिच्यातील सर्व फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, सेटअपच्या फाइलवर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे आणि जागा विचारल्यावर ‘प्रोग्राम फाइल्स’ ऐवजी सी ड्राइव्हवर स्वतः तयार केलेले साधे फोल्डर द्यावे. ही शेवटची सूचना किरकोळ वाटली तरी पुढचा बराच त्रास तिनेच वाचतो. विंडोज व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्समध्ये सामान्य प्रोग्रामला लिहिण्याची परवानगी नसते. जुन्या प्रोग्रामांना मात्र आपल्या सेटिंग, ब्रश, पॅलेट असे सारे स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवण्याची सवय असते. असा प्रोग्राम मोडू नये म्हणून विंडोज त्याने लिहिलेली फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमधील ‘लोकल’ आणि त्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ येथे वळवते. त्यामुळे प्रोग्राममध्ये दिसणारा ब्रश एक्सप्लोररमधून पाहिल्यास प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये सापडत नाही आणि बॅकअप घेताना नेमका तोच राहून जातो.

डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ (काही प्रोग्रामांना लागणारा मायक्रोसॉफ्टचा सहायक संच) लागत असल्यास ते विंडोजच्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या यादीतून सुरू करता येते. एखादी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी सहायक फाइल) सापडत नसल्याचा संदेश आला, तर ती फाइल सुटी शोधून उतरवू नये. बहुधा व्हिज्युअल सी++ चे २००५, २००८ किंवा २०१० चे रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज कमी पडलेले असते आणि ते मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावे.

जुन्या संगणकावरून प्रोग्राम काढण्यापूर्वी त्याच्या ‘हेल्प’ मेनूत ‘डीॲक्टिव्हेट’ हा पर्याय असल्यास तो वापरावा, म्हणजे तो परवाना नव्या संगणकासाठी मोकळा होतो. सक्रिय करणारे सर्व्हर कायम राहतीलच असे नाही. ॲडोबीने सीएस२ चे सर्व्हर बंद केले तेव्हा २०१३ मध्ये परवानाधारकांसाठी सक्रियतेची गरज नसलेली प्रत दिली होती, पण प्रत्येक कंपनी असे करत नाही. ‘क्रॅक’ केलेल्या प्रती तर घेऊच नयेत. जुन्या सॉफ्टवेअरच्या शोधात असलेल्या माणसाला गाठून त्याच्या संगणकात नको ते उतरवण्याचा तो सोपा मार्ग झाला आहे.

कम्पॅटिबिलिटी मोड आणि परवानग्या

प्रोग्रामच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबवर जुन्या विंडोजचे नाव निवडले म्हणजे ती जुनी विंडोजच मिळते, असा समज आहे. प्रत्यक्षात हा पर्याय प्रोग्रामला विंडोजची आवृत्ती जुनी असल्याचे सांगतो आणि वागणुकीतील काही ठरावीक फरक भरून काढतो. आवृत्ती तपासून अडून बसणाऱ्या प्रोग्रामसाठी तो रामबाण आहे. ड्रायव्हर, ग्राफिक्स किंवा १६-बिटच्या अडचणीवर त्याचा काही इलाज चालत नाही. निवडायचेच झाले, तर प्रोग्राम ज्या काळात आला त्या काळातली विंडोज निवडावी. २००२ च्या फोटोशॉप ७ साठी एक्सपी योग्य ठरते.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ ची खूण मात्र कायमची लावून ठेवू नये. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललेल्या प्रोग्राममध्ये एक्सप्लोररमधून चित्र ओढून टाकता येत नाही, कारण कमी अधिकाराच्या खिडकीने जास्त अधिकाराच्या खिडकीला काही देणे विंडोज रोखते. अक्षर देऊन जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही तेथे बहुधा दिसत नाहीत. पहिल्यांदा सुरू करण्यापुरते हे अधिकार द्यावेत आणि मग काढून घ्यावेत.

फाइल उघडते पण ‘पिक्चर्स’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’ मध्ये सेव्ह होत नाही आणि कारण म्हणून भलताच संदेश येतो, असे झाल्यास विंडोज सिक्युरिटीमधील ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ पाहावे. तेथील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरू असेल, तर अनोळखी प्रोग्रामला या फोल्डरांत लिहू दिले जात नाही. ते संरक्षण बंद करू नये. परवानगी असलेल्या प्रोग्रामांच्या यादीत आपल्या प्रोग्रामचे नाव घालावे.

पडद्यावर दिसणारे चित्र

प्रतिमा-संपादनात सर्वांत जास्त लक्ष येथे द्यायला हवे, कारण येथील चूक प्रोग्राम बंद पाडत नाही, ती थेट तयार होणाऱ्या चित्रात उतरते.

जुन्या प्रोग्रामांची बटणे कमी घनतेच्या पडद्यांसाठी काढलेली असतात. बारीक पिक्सेलच्या नव्या पडद्यावर ती मुंगीएवढी दिसू लागतात. कम्पॅटिबिलिटी टॅबमधील ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडल्यास स्केलिंग कोणी करायचे याचे तीन पर्याय मिळतात: ‘ॲप्लिकेशन’, ‘सिस्टिम’ आणि ‘सिस्टिम एन्हान्स्ड’. ‘सिस्टिम’ निवडले की बटणे मोठी होतात आणि बहुतेक जण तेथेच समाधान मानतात. पण त्या वेळी विंडोज बटणांबरोबर चित्रही ताणत असते. समजा स्केलिंग २०० टक्के आहे आणि प्रोग्राममध्ये चित्र १०० टक्के झूमवर उघडले आहे. प्रोग्रामच्या मते चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर आहे, प्रत्यक्षात तो चार पिक्सेलांवर पसरलेला असतो आणि कडा मऊ दिसतात. ते पाहून आपण शार्पनिंग वाढवतो. हेच चित्र दुसरीकडे उघडल्यावर मात्र कडांभोवती पांढरट रेघा उमटलेल्या दिसतात. झूम ५० टक्के केल्यानेही हे सुटत नाही, कारण मग प्रोग्राम आधी चित्र निम्मे करतो आणि विंडोज ते निम्मे झालेले चित्र पुन्हा ताणते.

माझ्या मते ‘ॲप्लिकेशन’ हा पर्याय ठेवून विंडोजचे स्केलिंग किंवा पडद्याचे रिझोल्यूशन काम करण्यापुरते कमी करावे. त्याहून उत्तम म्हणजे जुन्या प्रोग्रामसाठी साध्या घनतेचा दुसरा पडदा जोडावा. ‘सिस्टिम’ वापरल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर शार्पनिंगचा निर्णय चित्र निर्यात करून, नव्या घडणीच्या चित्रदर्शकात मूळ आकारात पाहूनच घ्यावा.

रंगांबाबत एक छोटी गोष्ट: फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर येणारा ‘ॲडोबी गॅमा’ हा प्रोग्राम संगणक सुरू होताना पडद्याच्या रंगांत बदल करतो. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत तो दिसल्यास बंद करावा, नाहीतर पडद्याच्या खऱ्या रंग-प्रोफाइलशी (तो पडदा रंग कसे दाखवतो याच्या नोंदीशी) त्याचा मेळ बसत नाही.

मेमरी, स्क्रॅच डिस्क आणि ग्राफिक्स

३२-बिट प्रोग्रामला साधारणपणे २ जीबी मेमरी वापरता येते; तशी सोय करून बांधलेला असल्यास ६४-बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत. संगणकात ३२ जीबी रॅम आहे म्हणून त्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. उलट, स्क्रॅच डिस्कवर (मेमरी पुरत नाही तेव्हा प्रोग्राम तात्पुरता मजकूर ठेवतो त्या डिस्कवर) मोकळी जागा फार असल्यामुळेच काही जुन्या आवृत्त्या ‘मेमरी अपुरी आहे’ किंवा ‘स्क्रॅच डिस्क भरली आहे’ असे सांगून बंद पडतात. मोकळ्या जागेचा मोठा आकडा ३२-बिट गणितात मावत नाही आणि प्रोग्रामला तो भलताच, कधी ऋणही, दिसतो. अशा वेळी विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ मधून वीस-तीस जीबीचे वेगळे छोटे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) करावे आणि फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट ही दोन्ही बटणे दाबून धरावीत. स्क्रॅच डिस्क निवडण्याची खिडकी आधी उघडते, तेथे ते पार्टिशन द्यावे. याच बटणांबरोबर शिफ्टही धरल्यास जुन्या सेटिंग पुसून टाकण्याबद्दल विचारणा होते. बिनसलेल्या सेटिंगवर तो चांगला उपाय आहे, मात्र खबरदारी म्हणून आपले ब्रश आणि ॲक्शन आधी वेगळ्या फाइलींत साठवून ठेवावेत.

सीएस४ पासून फोटोशॉप ग्राफिक्स कार्डाची मदत घेते. चित्र फिरवताना किंवा झूम करताना पडदा काळा होत असेल, तर प्रेफरन्सेसमधील ‘परफॉर्मन्स’ मध्ये जाऊन ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ (सीएस४ आणि सीएस५ मध्ये ‘एनेबल ओपनजीएल ड्रॉइंग’) ची खूण काढावी. काही सोयी जातील, काम थांबणार नाही.

पेन, स्कॅनर, प्लगइन आणि नव्या फाइली

पेनचा दाब ओळखला जात नसेल, तर टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज इंक’ ही विंडोजची पेन-सोय बंद करून पाहावे. जुने प्रोग्राम विनटॅब या पद्धतीने दाब वाचतात. स्कॅनर आणि प्लगइन यांच्याबाबतीत पुन्हा बिटांचा प्रश्न येतो: ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट ट्वेन (स्कॅनरला प्रोग्रामशी जोडणारा, प्रोग्रामच्या आतच चालणारा दुवा) किंवा ३२-बिट प्लगइन (प्रोग्रामला जोडायची जादा सोय) दिसत नाही. फोटोशॉप सीएस६ ६४-बिट विंडोजवर दोन्ही प्रकारांत बसते, त्यामुळे जुन्या प्लगइनसाठी तिची ३२-बिट प्रत उघडावी.

नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली चित्रे) सीएस६ मध्ये उघडत नाहीत, कारण तिच्यासाठी कॅमेरा रॉ हे त्या फाइली उघडणारे प्लगइन ९.१.१ च्या पुढे आले नाही. ॲडोबीचे मोफत डीएनजी कन्व्हर्टर त्या फाइलींचे डीएनजी या ॲडोबीच्या सामाईक रॉ स्वरूपात रूपांतर करते. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये जुन्या कॅमेरा रॉशी सुसंगत असा पर्याय निवडावा. मोबाइलमधील एचईआयसी फाइली आधी दुसऱ्या साधनाने टिफमध्ये बदलून घ्याव्यात. जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे तुटतात आणि वेलांटी जागा सोडते. त्यामुळे मजकूर इंकस्केपसारख्या प्रोग्राममध्ये मांडून, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीच्या रूपात आणणे बरे.

काहीच चालले नाही तर

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी संगणक तयार करून त्यात जुनी विंडोज बसवावी. तिचा वैध परवाना हवा. एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला असल्याने आभासी संगणकाचे नेटवर्क कार्ड बंदच ठेवावे आणि फाइलींची देवाणघेवाण ‘शेअर्ड फोल्डर’ मधून करावी. सगळे नीट बसले की स्नॅपशॉट, म्हणजे आभासी संगणकाची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, घ्यावा. आतल्या विंडोजला आपल्या पडद्याचे रंग-प्रोफाइल ठाऊक नसते, म्हणून रंगांचा अंतिम निर्णय तेथे घेऊ नये.

मॅकवर हा मार्ग अरुंद आहे. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट प्रोग्राम पूर्णपणे बंद केले. इंटेल मॅकवर आधीची मोहावे आभासी संगणकात चालवता येते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर तेही जमत नाही आणि जुना मॅक जपून ठेवणेच शहाणपणाचे. लिनक्सवर वाइन हे सॉफ्टवेअर बऱ्याच जुन्या विंडोज प्रोग्रामांना, अगदी १६-बिटांनाही, चालवते. प्रत्येक प्रोग्रामला वेगळे प्रिफिक्स (वाइनचे स्वतंत्र फोल्डर आणि सेटिंग) द्यावे, म्हणजे एकासाठी केलेला बदल दुसऱ्याला बाधत नाही.

यांपैकी कोणताही मार्ग निवडला, तरी पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) सेव्ह करताना ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ सुरू ठेवावे. त्यामुळे फाइल थोडी मोठी होते, पण सर्व लेअर एकत्र करून तयार झालेले पूर्ण चित्रही तिच्यात राहते आणि लेअर नीट न वाचणाऱ्या प्रोग्रामलाही ते दाखवता येते. महत्त्वाची एखादी फाइल गिंप किंवा कृता या मोफत प्रोग्राममध्ये आताच उघडून पाहावी आणि जे लेअर तेथे बिघडलेले दिसतील, त्यांची सपाट केलेली टिफ प्रत मूळ फाइलीशेजारी ठेवावी.