स्विच-राउटरसाठी उबुंटूवर टीएफटीपी सर्व्हर कसा उभारावा

स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायचा असो की राउटरवर नवी फर्मवेअर इमेज (उपकरणाच्या सॉफ्टवेअरची फाइल) चढवायची असो, टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याचा अगदी साधा प्रोटोकॉल) आजही कामाला येतं. जवळपास प्रत्येक उपकरणाला ते समजतं, बूटलोडरमध्ये (उपकरण सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) अडकलेल्या उपकरणालासुद्धा. मात्र त्यात युजरनेम नाही, पासवर्ड नाही, एन्क्रिप्शनही नाही. त्यामुळे हा सर्व्हर फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच (उपकरणं सांभाळण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कमध्येच) ठेवा. इंटरनेटला तो कधीही दिसू देऊ नका.

खालचे आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना रोमन लिपी वापरा.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टीएफटीपीडी-एचपीए’ चालवा. सेटिंग ‘/ईटीसी/डिफॉल्ट/टीएफटीपीडी-एचपीए’ या फाइलमध्ये असतं. फोल्डर ‘/एसआरव्ही/टीएफटीपी’ ठेवा आणि ऑप्शन्समध्ये ‘--सिक्युअर --क्रिएट --व्हर्बोज’ लिहून सेवा रीस्टार्ट करा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते परवानग्यांवर. ‘--क्रिएट’ नसेल तर सर्व्हर नवी फाइल स्वीकारतच नाही. ते असूनही फोल्डरची मालकी रूटकडे (मुख्य ॲडमिन युजरकडे) राहिली, तर बॅकअप पाठवताना परवानगी नाकारल्याची एरर येते. म्हणून फोल्डर ‘टीएफटीपी’ या युजरच्या नावे करा. उपकरणाने उचलायच्या फाइलला ६४४ परवानगी द्या, कारण सर्वांना वाचता न येणारी फाइल हा सर्व्हर देत नाही.

फायरवॉलमध्ये फक्त आपल्या सबनेटला (नेटवर्कच्या आपल्या भागाला) वाट द्या: ‘यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१०.०/२४ टू एनी पोर्ट ६९ प्रोटो यूडीपी’.

आता सिस्को स्विचवर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी:’ द्या, सर्व्हरचा आयपी आणि फाइलचं नाव सांगा. उद्गारचिन्हं उमटू लागली की फाइल जात आहे. नुसते ठिपके आले तर उत्तर परत पोहोचत नाही. मधे दुसरी फायरवॉल असेल तर आधी तिच्याकडे बघा. विनंती पोर्ट ६९ वर जाते, पण सर्व्हर उत्तर देतो वेगळ्याच पोर्टवरून आणि टीएफटीपी न ओळखणारी फायरवॉल ते टाकून देते.

‘फाइल सापडली नाही’ असं आलं तर नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. शिवाय ‘--सिक्युअर’ असताना फक्त फाइलचं नाव द्यायचं. पूर्ण पाथ दिलात तर सर्व्हर तो त्याच फोल्डरच्या आत शोधत बसतो.

वेगाचा हिशेब आधीच मांडा. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटचा एक ब्लॉक पाठवतं, पोच मिळेपर्यंत थांबतं, मगच पुढचा पाठवतं. जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागणाऱ्या लिंकवर म्हणजे सेकंदाला जेमतेम १० किलोबाइट. ३० एमबीच्या इमेजला पाऊण तासाहून जास्त वेळ! ब्लॉक क्रमांकही १६ बिटांचा, म्हणून जुन्या उपकरणांवर ३२ एमबीच्या आसपास ट्रान्सफर तुटतो. सोय असेल तिथे ब्लॉक साइज वाढवा. दूरच्या शाखेसाठी सरळ एससीपी (एसएसएचवरून एन्क्रिप्ट करून फाइल पाठवण्याची पद्धत) वापरा.

इमेज चढवल्यावर लगेच रीबूट करू नका. ‘व्हेरिफाय /एमडी५’ या आदेशाने येणारा चेकसम (फाइल जशीच्या तशी पोहोचली का ते सांगणारा आकडा) कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवा. जुळला नाही तर फाइल पुन्हा उतरवून घ्या. बॅकअप फाइल्समध्ये पासवर्ड असतात, त्या टीएफटीपीच्या फोल्डरमधून लगेच दुसरीकडे हलवा आणि काम संपल्यावर ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप टीएफटीपीडी-एचपीए’ देऊन सेवा बंद करा.