कंत्राटी कामगार परवाना: सॉफ्टवेअर कंपन्यांनो, या चुका टाळा

आयटीत एक समज पक्का बसलेला आहे: कंत्राटी कामगार म्हणजे हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीवाले, डेव्हलपर त्यात येत नाहीत, कारण त्यांचे पगार मोठे. हे चूक आहे. कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेलं आहे. 1970 च्या जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात ते होतंच, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही आहे. महिना 18,000 रुपयांची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी आहे. रात्रपाळीत सपोर्टची तिकिटं सोडवणाऱ्याला दीड लाख मिळत असले, तरी पगारामुळे तो बाहेर पडत नाही.

बाहेर पडायची खरी वाट वेगळी आहे. माणूस सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या नियमित नोकरीत असेल, त्याला ठरावीक काळाने पगारवाढ, सामाजिक सुरक्षा आणि इतर लाभ मिळत असतील, तर क्लायंटच्या इमारतीत बसूनही तो कंत्राटी कामगार ठरत नाही. ही सवलत सॉफ्टवेअर कंपन्यांना फार उपयोगाची आहे, आणि घाईघाईने केलेल्या कागदांमुळेच ती हातची जाते.

समजा, क्लायंटकडे 64 जण बसवले. त्यातले 38 कंपनीचे कायम कर्मचारी, 26 दुसऱ्या एजन्सीच्या पेरोलवर. शिवाय 38 पैकी 30 जणांच्या नियुक्तिपत्रात ‘नियुक्ती प्रकल्प संपेपर्यंत’ असं वाक्य, कारण एचआरने जुना नमुना तसाच उचलला. आता तपासणीत हे 30 नियमित नोकरीत आहेत हे सिद्ध करणं अवघड. ते आणि एजन्सीचे 26 धरून 56 झाले, म्हणजे ठेकेदाराला परवाना लागण्याची 50 कंत्राटी कामगारांची मर्यादा ओलांडली. उपठेकेदारही ठेकेदारच असल्यामुळे ‘ते आमचे नाहीत’ हे उत्तर चालत नाही. परवाना लागत असूनही घेतलेला नसेल, तर संहितेच्या कलम 54 प्रमाणे ती माणसं थेट क्लायंटची कर्मचारी मानली जातात. जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने दीनानाथ खटल्यात याच्या उलट निकाल दिला होता. त्याच्या भरवशावर अजून निश्चिंत बसणाऱ्यांनी कलम 54 एकदा वाचावं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. वर्क ऑर्डरवर सही होण्याआधी प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: कोणाच्या पेरोलवर, नियुक्तिपत्राचा प्रकार, पीएफचा यूएएन क्रमांक, शेवटच्या पगारवाढीची तारीख. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो माणूस मोजणीत धरायचा.

मोजणीतही गोंधळ होतो. आजचा आकडा पाहू नका; मागच्या 12 महिन्यांत कुठल्याही एका दिवशी 50 झाले असतील, तर संहितेतला कंत्राटी कामगारांचा भाग लागू होतो. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आठवड्यात आणलेले जादा लोक इथेच नडतात. आस्थापनेसाठी, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीसाठी, सगळ्या एजन्सींची बेरीज धरायची: सिक्युरिटी 15, हाउसकीपिंग 20, कँटीन 8, टेस्टिंग 12 मिळून 55. गेटच्या ॲक्सेस कार्डाची नोंद रोज एजन्सीवार जपून ठेवा. महिनाअखेरीला आठवून भरलेला तक्ता कामाचा नाही.

गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावायला कलम 57 ची मनाई आहे. सॉफ्टवेअर कंपनीचा गाभा म्हणजे सॉफ्टवेअरच. अचानक वाढलेलं काम ठरावीक मुदतीत संपवायचं असेल तर सूट आहे, पण तोच एजन्सीचा माणूस तीन वर्षं त्याच टीममध्ये असेल तर त्याला ‘अचानक’ कोण म्हणेल? मुदतीचं कारण वर्क ऑर्डरमध्येच लिहा.

क्लायंट बँक, विमा किंवा दूरसंचार कंपनी असेल तर अर्ज केंद्रीय यंत्रणेकडे जातो, राज्याच्या कामगार कार्यालयात नाही.

परवाना पाच वर्षांचा म्हणून फाइल कपाटात ठेवू नका; नवी वर्क ऑर्डर मिळाली की ती कळवावी लागते.

एजन्सीच्या लोकांची रजा आणि अप्रेझल क्लायंटचा मॅनेजर ठरवत असेल, तर करारावर ‘व्यावसायिक सेवा’ लिहून ती माणसं कंत्राटी कामगारांच्या मोजणीतून सुटत नाहीत.

एजन्सीने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाला, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीला, द्यावा लागतो आणि मग एजन्सीकडून वसूल करावा लागतो. म्हणून बिल पास करण्याआधी 7 तारखेपर्यंत पगार जमा झाल्याची बँकेची यादी आणि 15 तारखेचं पीएफ चलन मागा, आणि दोन्हींतली नावं हजेरीशी जुळवा. फक्त एकूण रक्कम पाहिली, तर सुटलेली दोन नावं कधीच दिसत नाहीत.