या चुका टाळा: निर्बंधांच्या काळात घरात, भेटीगाठींत आणि सुट्टीत काय बिघडतं

मार्च २०२० मध्ये, कोविडची साथ पसरू लागली असताना, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. दारात सॅनिटायझर ठेवलं होतं, हस्तांदोलन आणि गळाभेट टाळली होती. जमलेल्या ६१ जणांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत ५२ जण आजारी पडले. त्यातल्या ३२ जणांचं निदान चाचणीने पक्कं झालं, बाकीचे २० संभाव्य रुग्ण. दोघे दगावले. ही मंडळी बेफिकीर नव्हती. त्या आठवड्यात जी काळजी घ्यायला सांगत होते ती त्यांनी घेतली होती. बंद खोलीतल्या हवेबद्दल तेव्हा कुणी फारसं बोलतच नव्हतं.

निर्बंधांच्या काळात घरोघरी होणाऱ्या चुका बहुतेक याच जातीच्या असतात. कष्ट भरपूर घेतले जातात, पण भलत्याच ठिकाणी. कोविडसारख्या श्वासावाटे पसरणाऱ्या साथीत मुख्य हिशेब दोन गोष्टींचा: हवेचा आणि दिवसांचा. नेमके हेच दोन हिशेब चुकतात.

पुसापुशीत दमून जाणं

किराण्याची पाकिटं दोन दिवस बाल्कनीत ठेवणं, भाजी साबणाच्या पाण्यात बुडवणं, दाराची कडी दर तासाला पुसणं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी असते. म्हणून हात धुणं सोडायचं नाही. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी आणि नाक शिंकरल्यावर साबणाने किमान २० सेकंद हात धुतले, की या बाजूचं बरंचसं काम झालं. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहून जातात, तेवढी बघावीत.

भाजी आणि फळं साध्या वाहत्या पाण्याखाली धुवावीत. साबण किंवा ब्लीच सालीत मुरतं, पोटात जातं आणि पोट बिघडतं.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. हात पूर्ण ओले होतील एवढं घेऊन २० ते ३० सेकंद, म्हणजे सुकेपर्यंत चोळायचं. दोन थेंब घेऊन लगेच कपड्याला हात पुसला तर त्याचा उपयोग नाही. हात चिखलाने किंवा तेलाने माखलेले असले तर ते नीट काम करत नाही, तिथे साबणच लागतो. ओल्या हातांनी गॅस किंवा मेणबत्ती पेटवू नये. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हात पेटल्याचं चटका बसल्यावरच कळतं. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊच नये. २०२० मध्ये मिथेनॉल मिसळलेली सॅनिटायझर बाजारात सापडली होती, आणि मिथेनॉल पोटात गेलं तर माणूस आंधळा होऊ शकतो, मरूही शकतो.

ब्लीच अंदाजपंचे ओतणं

घरात रुग्ण असेल तर बाथरूम आणि सतत हात लागणाऱ्या जागांसाठी ०.१ टक्क्याचं द्रावण पुरतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी, म्हणजे एकास एकोणपन्नास. बाटली ४ टक्क्यांची असेल तर २५ मिली घेऊन पाण्याने लिटर भरायचा. पाणी गार हवं, गरम पाण्यात क्लोरीन उडून जातं. आधी साबणाने मळ काढायचा, कारण मळ क्लोरीन खाऊन टाकतो. मग द्रावण लावून पृष्ठभाग निदान एक मिनिट ओला राहू द्यायचा. लावल्या लावल्या कोरडं पुसून घेणं ही सर्वांत नेहमीची चूक. द्रावण रोज ताजं करावं, आणि ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर ओतला तर ‘दुप्पट स्वच्छता’ होत नाही. त्यातल्या आम्लामुळे क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबर क्लोरामाइन तयार होतात, तीही फुफ्फुसं जाळणारी. चुकून मिसळलंच तर ते निस्तरत बसू नका. बाहेर पडा, दार-खिडकी उघडी राहू द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नका. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणं हा तर निव्वळ देखावा. शरीरातला विषाणू त्याने मरत नाही, डोळे आणि त्वचा मात्र भाजते.

एसी चालू म्हणजे हवा खेळती, असं समजणं

घरातला नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. छताचा पंखाही आहे तीच हवा ढवळतो. ताजी हवा यायला एक वाट हवी आणि जुनी जायला दुसरी, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींतल्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार. एकच खिडकी असेल तर टेबल पंखा तिच्यासमोर, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावावा. तो हवा बाहेर ढकलतो आणि तिची जागा घ्यायला दाराकडून नवी हवा येते.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर अंदाज सोपा होतो. मोकळ्यावर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. माणसं बसलेल्या खोलीत तो ८०० च्या खाली राहिला तर हवा ठीक बदलते आहे. तो १,२०० च्या पुढे चढत असेल तर खिडकी उघडा किंवा माणसं कमी करा. हे यंत्र विषाणू मोजत नाही, दुसऱ्यांच्या श्वासातली हवा आपल्या वाट्याला किती येते आहे तेवढं दाखवतं. म्हणून हेपा फिल्टर (हवेतले अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) लावलेल्या खोलीत आकडा चढा दिसला तरी हवेतले कण कमी असू शकतात.

हेपा एअर प्युरिफायर घेताना लोक डबीवरचं ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ वाचतात आणि फसतात. गणित स्वतः करावं. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. ताशी ५ वेळा हवा गाळायची तर तासाला १८० घनमीटर शुद्ध हवा देणारं यंत्र लागतं. हा आकडा यंत्रावर सीएडीआर या नावाने छापलेला असतो, पण तो सर्वांत जोरात चालवतानाचा. आवाज नको म्हणून रात्री यंत्र मंद केलं, की तो बराच खाली येतो. गरज भासेल त्याच्या दीडपट क्षमतेचं घेऊन मधल्या वेगावर चालवणं बरं.

मोटारीतही हीच चूक होते. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करावं, बाहेरची हवा घेणारं चालू ठेवावं आणि तिरप्या समोरासमोरच्या दोन काचा दोन-चार बोटं खाली घ्याव्यात. प्रवासी मागे डाव्या बाजूला असेल तर मागची उजवी आणि पुढची डावी.

मास्क चांगला, बसवणं वाईट

एन-९५ चं कापड सर्वांत निसटून जाणारे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कणही किमान ९५ टक्के अडवतं. पण हा आकडा कापडाचा झाला. गालाशी फट राहिली तर श्वास कापडातून जातच नाही, फटीतून जातो. चष्म्यावर वाफ धरते आहे म्हणजे नाकाशी फट आहे. पट्टी चिमटीत न दाबता दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या उतारावर बसवावी. दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडावा. कडेने वारा लागला तर पुन्हा बसवावा. दाढी असेल तर कड टेकत नाही, महागडा मास्कही निम्म्याने वाया जातो.

एन-९५ धुऊ नये, उकळू नये, त्यावर सॅनिटायझर मारू नये. त्याच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, तोच बारीक कण ओढून घेतो आणि अल्कोहोलने तोच उतरतो. मास्क दिसायला नवा कोरा राहतो, गाळणं मात्र संपलेलं. पाच मास्क घेऊन पाच कागदी पिशव्यांत आळीपाळीने वापरावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पट्टी सैल झाली, आतून मळला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला, की टाकून द्यावा. झडपेचा मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. रुग्णाने तो वापरायचा नाही.

सर्जिकल मास्क सैल होत असेल तर त्यावर कापडी मास्क घालून तो गालाशी दाबता येतो, किंवा कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या कडेशी गाठ मारून उरलेली चुणी आत दुमडता येते. दोन सर्जिकल एकावर एक घातल्याने फट तशीच राहते. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये.

दिवस उलटे मोजणं

इथे सर्वांत जास्त घरं चुकतात. संपर्क झाला, दुसऱ्या दिवशी चाचणी केली, निगेटिव्ह आली, सुटलो म्हणत माणूस आजी-आजोबांना भेटायला निघतो. २०२० मध्ये आरटी-पीसीआरच्या निकालांचं एक विश्लेषण झालं. लागण झाल्यानंतर चौथ्या दिवशी केलेली चाचणी ६७ टक्के वेळा खोटी निगेटिव्ह येत होती, लक्षणं दिसू लागण्याच्या दिवशी ३८ टक्के आणि आठव्या दिवशी २० टक्के. पहिल्या दिवशी तर चाचणीला काहीच सापडत नव्हतं. म्हणून संपर्कानंतर निदान पाच दिवस थांबून चाचणी करावी, आणि मधले दिवस वेगळंच राहावं.

घरच्या अँटिजेन किटचा एकच निगेटिव्ह निकाल अर्धवट असतो. लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने दोनदा, नसतील तर तीनदा चाचणी करावी. रेषा पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचायची. त्या वेळेत फिकट रेषा उमटली तरी ती पॉझिटिव्हच. दोन तासांनी दिसलेली रेषा धरायची नाही. किट फ्रिजमधून काढलं असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

मूळच्या कोविडला लागणीपासून लक्षणांपर्यंत सरासरी ५ ते ६ दिवस आणि जास्तीत जास्त १४ दिवस धरले जात; पुढच्या प्रकारांत हे अंतर कमी झालं. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. ‘मला काहीच होत नाहीये’ या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

घरातल्या अलगीकरणाचे, म्हणजे रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांनी वेगळं राहण्याचे दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजतात. एकजण १ तारखेला आजारी पडला आणि ३ तारखेपासून खरोखर वेगळ्या खोलीत गेला, तर १४ दिवसांचा नियम असेल तिथे बाकीच्यांचे दिवस १७ तारखेला भरतात. वेगळी खोली नसेल आणि सगळे एकत्रच राहत असतील, तर रुग्णाचं विलगीकरण संपेल तेव्हा बाकीच्यांचा पहिला दिवस सुरू होतो. हे गैरसोयीचं आहे खरं, म्हणूनच लोक ते सोयीस्करपणे विसरतात.

सणाला ‘दहाच जण’

परवानगी दहा जणांची असली म्हणून दहा जण सुरक्षित ठरत नाहीत. दोन घरांतले दहा आणि दहा घरांतले दहा यांत मोठा फरक, कारण प्रत्येक घर आपापले संपर्क घेऊन येतं. आधी घरं मोजावीत, मग डोकी. कार्यक्रम २५ तारखेचा असेल तर ११ तारखेपासून सगळ्यांनी बाहेरच्या भेटी आवराव्यात. ते जमणार नसेल तर २३ आणि २५ ला सकाळी अशा दोन चाचण्या कराव्यात आणि कार्यक्रम मोकळ्यावर ठेवावा. आमंत्रण देतानाच सांगावं, की घसा खवखवला तरी येऊ नका, कुणी वाईट वाटून घेणार नाही. हे आधी बोललेलं नसलं, की आयत्या वेळी माणूस संकोचाने गोळी घेऊन येतो.

मोठ्याने गाणं आणि संगीतावर ओरडून बोलणं यांतून कण कितीतरी जास्त बाहेर पडतात. संगीताचा आवाज कमी केला तरी माणसं आपोआप हळू बोलतात. जेवताना मास्क निघणारच, म्हणून धोका जेवणाच्या वेळेचाच धरावा. पंगती दोन कराव्यात, एका वेळी एकाच घरातली माणसं बसवावीत.

प्रवासाचा बेत

फॉरवर्ड आलेला नियमाचा फोटो कधीचा आणि कुठल्या हद्दीचा हे न बघता निघणं, मग अडकणं. निघण्याचं ठिकाण, पोहोचण्याचं ठिकाण आणि मधली प्रत्येक हद्द यांचे आदेश मूळ सरकारी संकेतस्थळावर वाचावेत. लागू होण्याची तारीख आणि तास दोन्ही बघावेत. चाचणीचे ७२ तास नमुना दिल्यापासून मोजायचे की अहवाल आल्यापासून, ते बहुतेक आदेशांत लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक ते वाचत नाहीत. संचारबंदी दहाला सुरू होते म्हणजे दहाला घरात असायचं, दहाला निघायचं नव्हे. परतीचे नियम जातानाच्या नियमांपेक्षा वेगळे असू शकतात. तिकीट रद्द झाल्यावर पैसे मिळणार की कूपन, हे आरक्षणाआधी वाचावं. रोजची औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा किमान १४ दिवस जास्तीची घ्यावीत, चिठ्ठीसह.

घरी रुग्ण असताना

रुग्णाच्या खोलीत पंख्याचं तोंड आत असेल तर तिथली हवा दाराच्या फटीतून उरलेल्या घरात शिरते. पंखा खिडकीतून बाहेर फेकणारा हवा. दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहावी. ती रुग्णाच्या खोलीकडे वळली तर दिशा बरोबर. काळजी घेणारा एकच माणूस ठेवावा, आणि तो आत असताना दोघांनीही मास्क लावावा.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, नेलपॉलिश काढावं, गार बोटं चोळून गरम करावीत. आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावं. पहिल्या दोन सेकंदांचा आकडा धरू नये. ९४ च्या खाली आकडा पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना फोन करा, ९० किंवा खाली असेल तर सरळ रुग्णालय. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून धाप, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांकडे आकडा चांगला असतानाही लक्ष हवं. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी मोजणं बंद करतात. प्रकृती बिघडायची तर बऱ्याचदा ती पाचव्या ते दहाव्या दिवसांतच बिघडते.

मोठ्यांनी पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये. सर्दीच्या जोडगोळ्यांतही ते असतं, ते मोजायचं राहून जातं आणि यकृताला भोगावं लागतं. उरलेलं स्टेरॉइड ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून सुरू करणं ही सर्वांत घातक चूक. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलीग्रॅम डेक्सामेथासोनने मृत्यू कमी झाले, पण फक्त ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांत. ऑक्सिजन न लागलेल्यांना फायदा दिसला नाही. वाफ घेताना उकळत्या भांड्यावर वाकू नये आणि मुलांना तर वाफ देऊच नये. विषाणू त्याने मरत नाही, भाजण्याचे प्रकार मात्र खूप घडतात.

बंद पडून राहिलेलं घर आणि गाडी

आठवडेच्या आठवडे न वापरलेल्या नळांत पाणी साचतं आणि त्यात न्यूमोनिया घडवणारे लेजिओनेला जंतू वाढू शकतात. परतल्यावर खिडक्या उघडाव्यात, शॉवरची जाळी काढावी किंवा ती पिशवीत गुंडाळावी म्हणजे तुषार उडणार नाहीत, आणि प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडून द्यावा. घरात गटाराचा वास येत असेल तर पाइप फुटला म्हणून प्लंबरला बोलावण्याआधी मोरीच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून बघावं. जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटलं, की वास थेट वर येतो.

गाडी रोज दोन मिनिटं जागेवरच सुरू करून बंद केली तर बॅटरी भरण्याऐवजी उतरते, कारण स्टार्टरने घेतलेली वीज तेवढ्यात परत येत नाही. आठवड्यातून एकदा २० मिनिटं चालवावी. परवानगीच नसेल तर बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. लांब मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक चिकटतात, त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत.