पंखा फिरतो, पडदा काळाच: टाकून दिलेला कॉम्प्युटर पुन्हा चालू करताना

टाकून दिलेला कॉम्प्युटर हातात येतो तेव्हा त्याच्याबरोबर निदानही तयार येतं: "मदरबोर्ड गेलाय." कशावरून? तर पंखे फिरतात, दिवा लागतो आणि पडद्यावर काहीच येत नाही. एवढ्यावरून मदरबोर्ड गेला असं कुणालाच ठरवता येत नाही. असं निदान झालेली कितीतरी मशिन्स मी एकही नवा भाग न घालता चालू केली आहेत. त्यामुळे "आधी नवी रॅम टाकून बघा, मग एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलून बघा" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. दोष कुठे आहे ते कळण्याआधी काहीही विकत घेऊ नका.

धूळ मऊ ब्रशने उघड्यावर झाडा आणि झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

मग एसएमपीएस तपासा. तो सगळ्या भागांपासून सुटा करा आणि २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेशी वायरच्या तुकड्याने जोडा. तो चालू झाला की मल्टिमीटर लावा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. आकडे याबाहेर गेले तर तो एसएमपीएस बाजूला ठेवा, उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतण्याइतका विजेचा दाब राहू शकतो. काही कंपन्यांच्या तयार मशिन्समध्ये कनेक्टर आणि तारांचे रंग वेगळे असतात. तिथे हा प्रयोग करू नका.

आता खरी अडचण. डिस्प्ले.

माझ्या सुरुवातीच्या एका मशिनवर मी तीन आठवडे घालवले. रॅम बदलली, ग्राफिक्स कार्ड बदललं, एसएमपीएसही बदलला. दोन जाणत्या माणसांनी बोर्ड मेल्याचं सांगितलं. शेवटी टाकून द्यायचा म्हणून स्क्रू काढून बोर्ड उचलला, तर खाली एक जास्तीचा पितळी स्पेसर (बोर्डाला कॅबिनेटपासून उचलून धरणारा छोटा खांब) निघाला. बोर्डाला त्या जागी भोकच नव्हतं, त्यामुळे स्पेसर मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होत होता. बोर्ड टेबलावर ठेवून जोडला आणि पहिल्याच झटक्यात चित्र आलं. तेव्हापासून माझा नियम एकच: भाग जोडत जायचं नाही, काढत जायचं.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. हार्ड डिस्क, डीव्हीडी, वरची सगळी कार्डं, पुढच्या यूएसबीच्या तारा, सगळं काढा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा. ज्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीतून बोर्ड येतो तिच्यावर ठेवून तो चालू करू नका. तिचा पृष्ठभाग वीज वाहून नेऊ शकतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा), त्याचा पंखा आणि रॅम राहू द्या. एसएमपीएस परत बोर्डाला जोडा. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर नीट बसलाय का ते हाताने दाबून बघा. तो सुटलेला असेल तर पंखे छान फिरतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही.

नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढून मोजा. ती ३ व्होल्टची असते. २.८ च्या खाली असेल तर नवी घाला. काढलीच आहे तर पाच मिनिटं बाहेर राहू द्या, म्हणजे बायोसमधल्या (मशिन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्राममधल्या) जुन्या सेटिंग्जही पुसल्या जातील.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती तीच देते. बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांना छोटा बीप-स्पीकर लावा. रॅम पूर्ण काढून टाका. एकही पट्टी नको. मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशिन चालू करा आणि ऐका.

बोर्ड बीप-बीप करत राहिला तर प्रोसेसर चालतोय, बायोस चालतंय, आणि रॅम नाही हे त्याला कळतंय. ज्याला लोकांनी मेलेला ठरवलं तो बोर्ड स्वतःहून तक्रार करतोय! काही तयार मशिन्समध्ये आवाजाऐवजी बटणाचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकतो. त्याचाही अर्थ हाच.

आता एकच पट्टी घ्या, पण आधी तिचे सोनेरी संपर्क साफ करा. खोडरबर चालतो, पण फक्त मऊ पांढरा. शाई खोडायचा खरखरीत खोडरबर वापरू नका. सोन्याचा थर फार पातळ असतो आणि एकदा घासून निघाला की खालचा धातू काळा पडत जातो. हलक्या हाताने, संपर्काच्या लांबीच्या दिशेने दोन-चार वेळा फिरवा आणि चुरा पूर्ण झाडा. मी तर आता खोडरबर घेतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड पुरतं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पट्टीइतकीच स्लॉटमध्येही घाण असते हे कुणी सांगत नाही. तोही ब्रशने साफ करा आणि प्लग काढलेला असताना पट्टी तीन-चार वेळा बसवून काढा. दोन्ही टोकं खटकन बसली पाहिजेत. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्या २४० पिनांच्याच असतात, फक्त खाच वेगळ्या जागी असते.

मॉनिटरची तार बोर्डाच्याच व्हिडिओ पोर्टला लावा. बोर्डावर पोर्ट नसेल किंवा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसेल तरच ग्राफिक्स कार्ड बसवा, आणि मग तार कार्डाला लावा. चालू करून निदान एक मिनिट थांबा. सेटिंग्ज पुसल्यावर काही बोर्ड स्वतःच दोन-तीनदा बंद-चालू होतात. घाबरून प्लग ओढू नका. चित्र आलं नाही तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी पहिल्यात. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा.

रॅम नसतानाही बोर्ड गप्प राहिला तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांमध्ये ते निकृष्ट होते. माथा सपाट असायला हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी डाग असेल तर तो बदलावा लागतो आणि त्यासाठी सोल्डरिंगचा सराव असलेला हात हवा. तेही ठीक असेल तर सॉकेटमधल्या पिना भिंगाखाली तपासा, बोट लावू नका. इथवर येऊनही बोर्ड गप्पच असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर गेला असं मीही मान्य करतो.

हीटसिंक काढायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. जुन्या एएमडी प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली की इतकी घट्ट धरते की हीटसिंक सरळ ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर उपटून येतो. हेअर ड्रायरने हीटसिंक गरम करा आणि आधी डावी-उजवीकडे पिळून सोडवा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे.

पुढचं सोपं आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तर ती पट्टी बाद. जुन्या हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, शून्यापेक्षा जास्त असतील तर तिच्यावर काहीही महत्त्वाचं ठेवू नका. डिस्क वापरणार असाल तर आधी पूर्ण पुसा. आत कुणाचे तरी फोटो आणि कागदपत्रं असतात, ती उघडून बघणं आपलं काम नाही. पैसे खर्चायचेच असतील तर साटा जोडणीच्या एसएसडीवर (हलते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) खर्चा. पोर्ट जुन्या ३ गिगाबिटचा असला तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे धडधाकट मशिन्सही टाकली जात आहेत. त्यांच्यावर लिनक्स घाला. ४ जीबी रॅम असेल तर मिंट या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, त्याहून कमी असेल तर अँटिएक्स हे आणखी हलकं लिनक्स. प्रोसेसर ३२ बिटचा आहे का ते आधी तपासा, कारण बऱ्याच लिनक्सचा पाया असलेल्या डेबियनच्या २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीने ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

बोर्ड परत कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी स्पेसर मोजा. बोर्डाला जितकी स्क्रूची भोकं तितकेच स्पेसर, आणि प्रत्येक भोकाच्या बरोबर खाली. मग कॅबिनेटच्या आतल्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवून त्यावर बॅटरी आणि पेस्ट बदलल्याची तारीख लिहा आणि झाकण लावा.